पणजीबाई गात काय होत्या?

या सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या वाचक मुंबईजवळच्या उपनगरात राहतात, वय ३८, शाळेत शिक्षिका. हौसेने शास्त्रीय गाणं शिकतात आणि संगीताच्या एम.ए.साठी प्रबंधाचा विषय शोधत आहेत. मामांचं गिरगावातलं बिऱ्हाड आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत ग्रामोफोनची लाखेची एक जुनी तबकडी, बंदिशी उतरवलेली एक वही आणि तानपुरा घेऊन बसलेल्या बाईंचा फोटो सापडला. या बाई म्हणजे आईची आजी, वाचक भगिनींची पणजी. मामांकडून मग हळूहळू कळलं ते असं: पणजी गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका देवस्थानाशी गाण्या-नाचण्याच्या सेवेसाठी बांधलेल्या कलावंत घराण्यातली, तरुणपणी मुंबईत आली, बैठकी करायची, तिचे एक यजमान होते, म्हणजे लग्नाशिवाय तिला सांभाळणारे आश्रयदाते. मुलीला मात्र तिने गाणं शिकवलं नाही, शाळेत घातलं आणि तिचं रीतसर लग्न लावून दिलं. "आपल्या घरात गाणं कधीच नव्हतं," असंच आई आजवर सांगत आली. आता ती बोलेनाशी झालीय. थोरले भाऊ म्हणतात, मुलीचं स्थळ बघतोय, हे लचांड आत्ता नको. मार्गदर्शक म्हणतात, एका तबकडीवर प्रबंध होत नाही. आणि पत्राचा शेवट: "लिहिलं नाही तर पणजीवर अन्याय, लिहिलं तर आईवर. मी नेमकी कोण, हे कळण्याचा मला हक्क नाही का?"

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी, कशाला किती जागा दिलीय एवढंच बघितलं. यजमानांना जवळजवळ दीड पान आहे. त्यांचं आडनाव, त्यांची पेढी, गिरगावातली जागा त्यांनी घेऊन दिली की ती भाड्याची होती, पणजीच्या मुलीचा बाप तेच ना, वगैरे. आई, मामा आणि भाऊ यांच्या वादांना एक पान. आणि त्या तबकडीविषयी? "बहुतेक कुठलं तरी नाटकाचं पद असावं, मशीन नसल्यामुळे ऐकलेली नाही." बस, एवढंच.

तुम्ही स्वतः गाणं शिकता. तरी पणजीचं गाणं तुम्ही अजून ऐकलेलं नाही, आणि तिच्यावर न्याय करायला मात्र निघालात. हे टोचून म्हणत नाही. ट्रंक उघडली की माणूस आधी फोटोच बघतो, नाती जुळवायला लागतो, ते साहजिकच आहे. पण संशोधन करायचं असेल तर क्रम उलटा लावा, असं माझं म्हणणं आहे. ती कोणाची कोण होती हे नंतर. ती गात काय होती, कोणाकडून शिकली, कोणत्या पट्टीत गायची, साथीला कोण बसायचं, हे आधी. घरातला पेच यामुळे पूर्ण सुटणार नाही, तो भाग पुढे घेते. पण पेच निदान बराच लहान होईल.

आधी तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गृहीतकांशी थोडं भांडते.

पहिलं म्हणजे, "या बायकांचा इतिहास समाजाने पुसून टाकला" असं तुम्ही लिहिता. अर्धं खरं आहे. संगीताच्या पुस्तकांत उस्तादांची वंशावळ चार पिढ्या असते आणि त्यांच्याकडे शिकलेल्या बायकांची नावं एका ओळीत उरकलेली असतात, हे कोणीही मान्य करील. पण गोव्याच्या कलावंतांच्या बाबतीत "पुसलं" हा शब्द जरा जपूनच वापरावा. ही मंडळी स्वतःबद्दल भरपूर लिहीत होती. देवळांच्या सेवेशी बांधलेल्या जातींनी एकत्र येऊन गोमंतक मराठा समाज उभा केला तो १९२० च्या दशकात. १९२९ पासून 'समाज सुधारक' नावाचं त्यांचं मराठी मासिक निघत होतं. गोव्यात राजाराम पैंगीणकरांनी या चळवळीला आयुष्य दिलं आणि म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'मी कोण?'. तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न तुमच्याआधी अर्धशतक, छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, त्याच समाजातल्या माणसाने विचारून ठेवलेला आहे. ते पुस्तक मिळवा. प्रबंधाच्या संदर्भयादीत घालायला नव्हे. आपण एकट्याच या प्रश्नापाशी येऊन ठेपलोय ही तुमची भावना त्याने कमी होईल म्हणून.

मग आई का लपवत आली? इथे दुसरं गृहीतक येतं. आई लाजते, घाबरते, सोवळेपणा करते, असा तुमचा सूर आहे. असेलही तसं. पण तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, ज्यावरून तुम्ही घाईने पुढे गेलात: पणजीने मुलीला गाणं शिकवलं नाही, शाळेत घातलं. हे कोणी ठरवलं? पणजीने. त्या पिढीतल्या कित्येक बायकांनी आणि त्यांच्या समाजाच्या पुढाऱ्यांनी ठरवूनच हा रस्ता धरला होता. मुलींची लग्नं, मुलामुलींचं शिक्षण, नोकरी, आडनाव. त्यातल्या काही घरांत गाणं राहिलं आणि वाढलं. मोगूबाई कुर्डीकरांच्या पोटी किशोरी आमोणकर झाल्या, मेनकाबाई शिरोडकरांच्या पोटी शोभा गुर्टू. काही घरांत गाणं बंद करून ट्रंकेत ठेवलं गेलं, आणि ते बंद करणारा हात गाणारीचाच होता. "आपल्या घरात गाणं कधीच नव्हतं" हे वाक्य आईने स्वतः रचलं की आजीकडून जसंच्या तसं घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे का? आजीने घेतलेली शपथ नात अजून पाळत असेल, तर "पणजीला न्याय" आणि "आईवर अन्याय" ही तुमची वाटणीच कोलमडते. पणजीचीच इच्छा तुमच्या आड येत असेल.

म्हणजे लिहू नका असं मी म्हणत नाही. पणजीने तबकडी फोडलीही नाही, वही बंबात घातली नाही. ठेवली. यातून काय अर्थ काढायचा तो तुम्ही काढा, पण एकच अर्थ निघतो असं धरून चालू नका.

तिसरं, तुमच्या पत्रात पणजी एका परिच्छेदात "शोषित" आहे आणि दुसऱ्या परिच्छेदात "काळाच्या पुढची बंडखोर". दोन्ही शब्द आजचे आहेत. ती व्यावसायिक गायिका होती, एवढंच आपल्याला आत्ता ठाऊक आहे. यजमानांच्या पैशावर उस्तादांची शिकवणी चालायची हेही खरं, आणि त्या व्यवहारात बाईला नाही म्हणायची मुभा किती होती हा प्रश्नही खरा. पण गोव्याच्याच गायिका केसरबाई केरकर अल्लादिया खाँसाहेबांकडे १९२१ पासून ते १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत शिकत राहिल्या. एवढी वर्षं रोज तासन्‌तास बसून जो घाम गळतो तो शोषित किंवा बंडखोर यातल्या कुठल्याच डब्यात मावत नाही. तुम्ही रियाज करता, तुम्हाला हे मी सांगायला नको.

आता कामाचं. तुमची सामग्री "फक्त एक तबकडी" नाही. तबकडी, वही, फोटो आणि दोन जिवंत माणसं, ज्यांनी तिला डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या मार्गदर्शकांना हे अशा क्रमाने सांगून बघा.

तबकडीपासून सुरू करा. ती धुवायची घाई नको. स्पिरिट, सॅनिटायझर, चष्मा पुसायचं द्रावण यातलं काहीही लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. मऊ सुती कापड, शुद्ध पाणी, फार तर सौम्य साबणाचा थेंब, आणि मधलं लेबल कोरडं. उभी ठेवा, आडवी रचून वर वजन नको. चोरबाजारातून आणलेल्या चावीच्या ग्रामोफोनवर हौसेने वाजवू नका, त्या जड पोलादी सुईने प्रत्येक वेळी थोडं थोडं गाणं खरवडलं जातं. आजच्या रेकॉर्ड प्लेयरची बारीक सुईही चालत नाही, या तबकड्यांच्या खाचा रुंद असतात, त्यांना वेगळी सुई लागते. हे सगळं ज्यांच्याकडे आहे अशी माणसं मुंबईत आहेत. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० साली मुंबईतच सुरू झाली. संग्राहक मंडळी विक्षिप्त असू शकतात, पण तबकडी घेऊन दारात आलेल्या माणसाला ती सहसा परत पाठवत नाहीत.

वाजवण्याआधी ती नुसती वाचा. लेबलवर कंपनी कोणती? क्रमांक काय? लेबलच्या बाहेर, जिथे गाणं संपून गुळगुळीत भाग येतो, तिथे भिंग धरून पाहिलंत तर आणखी एक आकडा ठोकलेला किंवा कोरलेला दिसेल. तो ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. जाणकार त्यावरून साधारण साल सांगू शकतात. नाव कसं छापलंय ते बघा. त्या काळी कंपन्या बायकांचं आडनाव क्वचितच छापत, 'बाई' आणि पुढे गावाचं नाव असा रिवाज होता. घरंदाज म्हणवणाऱ्या काही गायिकांच्या नावापुढे मुद्दाम 'अ‍ॅमॅच्युअर' असं छापलं जाई, म्हणजे ही धंद्याने गाणारी नव्हे हे गिऱ्हाइकाला कळावं. एवढ्याशा गोल कागदावर कोण कोणत्या पायरीवर आहे हे लिहिलेलं असतं. शेवटी ऐकताना कान द्या, गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव सांगते का. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानने ते केलं, कारण मुद्रण इथे आणि तबकड्या दाबायचं काम जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाल्यावर ही गरज उरली नाही, तरी सवय काही काळ टिकली.

आणि ऐकल्यावर लगेच मत बनवू नका. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. बैठकीत पाऊण तास चालणारा राग तेवढ्यात बसवायचा म्हणजे आलाप जवळजवळ नाहीच, बंदिश मांडली की तानाच. ती "घाईने गाते" असं वाटेल. तसं नाही, ती घड्याळाशी गाते. दुसरं, सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नसत. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली ७८ ने वाजवली तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि भरदार बाई चिरक्या आवाजाची वाटायला लागते. पट्टीविषयी काहीही लिहिण्याआधी वेग तपासून घ्या. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, त्याआधी कर्ण्यात तोंड घालून ओरडून गावं लागे. तुमची तबकडी कोणत्या काळातली यावर तिच्या आवाजाबद्दल तुम्ही काय म्हणू शकता हे ठरेल.

वही ही तर माझ्या मते तबकडीपेक्षा मोठी ठेव आहे, आणि पत्रात तिच्यावर तुम्ही दोनच ओळी खर्च केल्यात. आधी प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांचाही, उजेडात फोटो काढा. लॅमिनेशन अजिबात नको. मग एक साधा तक्ता करा: राग, ताल, बंदिशीचं तोंड, अंतऱ्यात कोणाची मुद्रा (रचनाकाराने गुंफलेलं स्वतःचं टोपणनाव) आली आहे का, अक्षर कोणाचं. मुद्रा फार बोलतात. 'प्रेमपिया' असेल तर ती फैयाज खाँची रचना, 'प्राणपिया' असेल तर विलायत हुसेन खाँची, म्हणजे आग्रा घराण्याचा वास लागला. विलायत हुसेन खाँनी मुंबईत पुष्कळ शिकवलं. उलट वहीत संपूर्ण मालकंस, बिहागडा, खट, सावनी असे राग दाटीने दिसले तर अल्लादिया खाँच्या जयपूर-अत्रौली घराण्याकडे बघावं लागेल. मधेच ठुमरी-दादरे, नाट्यपदं, लावणी असेल तर तेही गाळू नका. तोंडावर "आम्ही ख्यालच गातो" म्हणणाऱ्यांच्या वह्या बऱ्याचदा वेगळं सांगतात. एकाच रागाच्या दोन बंदिशी दोन अक्षरांत असतील तर कदाचित दोन गुरू, किंवा कदाचित उस्तादांनी सांगितलं आणि दुसऱ्याच कोणी उतरवून घेतलं. ब्रज शब्दांची मोडतोड झालेली दिसेल, ती दुरुस्त करून लिहू नका, जशी आहे तशीच उतरवा. ती चूक म्हणजे कानाने शिकल्याचा पुरावा आहे.

हा तक्ता झाला की तुमच्या मार्गदर्शकांकडे जा. 'एका गायिकेची वही: मुंबईतल्या गोमंतकीय गायिकांचा संग्रह आणि तालीम' अशा धाटणीचा विषय एम.ए.ला भरपूर होतो. त्यात यजमानांचं नाव एकदाही यायची गरज नाही.

बाहेरचा शोध कुठे घ्यायचा? मुंबईचं रेडिओ केंद्र १९२७ साली सुरू झालं, त्याचे कार्यक्रम छापणारं इंग्रजी पाक्षिक पुढे 'इंडियन लिसनर' नावाने निघे. त्यात तारीख, वेळ, गायिकेचं नाव आणि कित्येकदा रागही छापलेला असतो. जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. डोळे दुखतील, पण एका रविवारच्या दुपारी पणजीचं नाव समोर आलं तर तारीखवार पुरावा हाती लागतो. गुरगावला 'आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' हे १९८२ पासूनचं संग्रहालय आहे, तिथे ध्वनिमुद्रणं आणि क्षेत्रकामाच्या नोंदी जपल्या जातात. गोव्यात पणजी शहरातल्या सरकारी पुराभिलेखागारात पोर्तुगीज आणि मोडीतले कागद आहेत, देवस्थानांचे व्यवहारही. मोडी येत नसेल तर शिका, काही महिन्यांत वाचण्यापुरती येते. आणि 'समाज सुधारक'चे अंक. ते बघायला समाजाच्या मुंबईतल्या किंवा गोव्यातल्या लोकांकडे जावं लागेल. तिथे "आमच्या घरातलं गुपित" असा आव आणून जाऊ नका. त्यांच्या दृष्टीने ते गुपित नाही, त्यांचा सार्वजनिक इतिहास आहे, आणि तुमचा हा कुजबुजता सूर त्यांना टोचू शकतो.

नावांच्या बाबतीत सावध राहा. एकाच बाईचं देवळातलं नाव, तबकडीवरचं नाव, रेडिओवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव वेगळं असू शकतं. आडनाव गावावरून पडलेलं, दुसऱ्या गावी गेलं की दुसरं. हे काही गोव्यापुरतं नाही. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलं आपण सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे म्हणून ओळखतो. त्यांची जन्मनावं अब्दुल रहमान, चंपाकली, सकीना. एकच नाव घेऊन शोधत बसलात तर "काहीच सापडलं नाही" असा निष्कर्ष निघेल आणि तो चुकीचा असेल.

आणखी एक तांत्रिक सूचना. या विषयावर लिहिताना १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा सर्रास गोव्याला चिकटवला जातो. तो मुंबई इलाख्याचा होता. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य. तुमची पणजी हद्द ओलांडून आली, त्यामुळे तिच्या आयुष्याचे दोन भाग दोन वेगळ्या कायद्यांखाली गेले. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास रेडिओवर, ज्यांच्या खासगी आयुष्याचा बोभाटा आहे अशा गायिकांना घेऊ नये, असंही धोरण आलं. 'इंडियन लिसनर'मधून तिचं नाव एकाएकी नाहीसं झालं, तर कारण आवाज बसणं हेच असेल असं समजू नका.

आता आई.

तुम्ही तिला काय विचारलंत ते पत्रात आहे. "आजीचं लग्न झालं होतं की नाही?" चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला, जिच्या आजीविषयी हा प्रश्न गल्लीतल्या लोकांनी नजरेने आयुष्यभर विचारलाय, तिला पोटच्या मुलीने तो पुन्हा विचारला. मीही बोलणं टाकलं असतं.

थोडे दिवस काही विचारूच नका. मग तबकडीची ध्वनिफीत तयार झाली की तिच्यासमोर लावा, "ऐकतेस का?" एवढं म्हणून. ती उठून आत गेली तरी चालेल, स्वयंपाकघरात ऐकू येतंच. नंतर कधी प्रश्न विचारायचे तर गाण्याचे विचारा. आजी निजवताना काय म्हणायची? घरात तानपुरा कुठे टेकवलेला असे? तो कधी गेला, कोणाला दिला? साथीला कोण यायचं, त्यांना चहा कोणत्या कपात दिला जाई? गुरुपौर्णिमेला काही करायची का? गणपतीत मंगेशीला, म्हार्दोळला, कवळ्याला जायचात का आणि तिथे तिला कोण कशी हाक मारायचं? अशा प्रश्नांची उत्तरं माणसं देतात, कारण त्यात कबुलीजबाब नसतो. आणि खरं सांगायचं तर संगीताच्या इतिहासाला याच उत्तरांचा जास्त उपयोग आहे. साथीदाराला कोणता कप मिळत होता यावरून जात, धर्म, मान, सगळं उलगडतं, आणि त्यासाठी कोणाच्या शयनगृहात डोकवावं लागत नाही.

ध्वनिमुद्रण करायचं तर तिला सांगून, यंत्र समोर ठेवून. बंद करायचं बटण कोणतं ते तिला दाखवा आणि ते तिच्या हाताशी ठेवा. बंद केल्यावर जे सांगेल ते लिहून ठेवू नका. मामांनाही हाच नियम. ते सध्या भरभरून बोलतायत, पण बहिणीच्या रागाला उत्तर म्हणून बोलतायत असं पत्रावरून वाटतं. त्यांच्या प्रत्येक विधानापुढे "कुणाकडून ऐकलं?" असा रकाना ठेवा.

भाऊ आणि भाचीच्या लग्नाबद्दल. हा मुद्दा हास्यास्पद आहे असं तुम्ही लिहिलंय. मला तो हास्यास्पद वाटत नाही, अन्यायाचा वाटतो, आणि तरी खराच आहे. स्थळ बघताना लोक काय काय विचारतात ते आपण सगळे जाणतो. पण पत्रभर एका माणसाचं मत कुठेच नाही: खुद्द भाचीचं. ती सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि तिच्या नावाने तिचा बाप, आत्या आणि आजी भांडतायत. तिला बोलवा, फोटो दाखवा, गाणं ऐकवा आणि विचारा. ती म्हणाली "लग्न होईपर्यंत थांब", तर थांबा, प्रबंधातला वहीचा भाग तसाही तोवर पुरेल. ती म्हणाली "बिनधास्त लिही, आणि मुलाला मीच सांगते", तर भावाचा मुद्दा संपला. दोन्ही शक्यता मी पाहिलेल्या आहेत. पोरी आपल्याला वाटतात तेवढ्या घाबरट नसतात, आणि कधी कधी आपल्याला वाटतात तेवढ्या धीटही नसतात.

प्रसिद्ध करण्याच्या बाबतीत "लिहिलं" आणि "नाही लिहिलं" एवढे दोनच पर्याय नाहीत. वहीच्या पानांच्या प्रती आणि ध्वनिफीत एखाद्या संग्रहालयात, अमुक वर्षांपर्यंत उघडू नये अशा लेखी अटीवर, देता येतात. प्रबंधात तबकडीवरचं नाव वापरायचं आणि तुमच्याशी असलेलं नातं न लिहिता "खासगी संग्रह" म्हणायचं, हाही मार्ग आहे. मात्र तो अर्धवटच झाकतो. गोवा लहान आहे. गावाचं नाव, देऊळ आणि साल एकत्र आलं की तिकडचे चार जण चहाच्या टपरीवर घराण्याचा पत्ता काढतात. झाकायचंच तर देवळाचं नाव गाळा, राग गाळू नका. तबकडी साठ वर्षांहून जुनी असल्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या हक्काची अडचण यायची नाही, आपल्या कायद्यात तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा आहे. वहीवर आणि फोटोवर घरातल्या सगळ्यांचा मिळून हक्क आहे, त्यामुळे मामांची लेखी संमती घेऊन ठेवा. आज गोड बोलणारे मामा उद्याही तसेच बोलतील याची खात्री नसते.

या विषयावर मला इतरही पत्रं येतात, त्यांना दोन शब्द इथेच. तमाशाच्या फडात काम केलेली आत्या, वाघ्या-मुरळीचं घर, वाजंत्री आजोबा, यांच्याबद्दल विचारणाऱ्यांना वरचं बहुतेक सगळं लागू आहे. आंबेडकरी जलशात गाणाऱ्या आजोबांच्या वह्या ज्यांच्याकडे आहेत त्यांची अडचण उलटी असते. तिथे लपवाछपवी नाही, अभिमान आहे, आणि सांगून सांगून गोष्ट इतकी घोटीव झालेली असते की वहीतलं खरं गाणं त्या गोष्टीत बसत नाही. चाल सिनेमाची घेतलेली असते, मधे एखादी गण-गौळण असते, एखादं कवन भलत्याच पुढाऱ्यावर असतं. ती पानं फाडू नका. चाल ओळखीची घेतली की शब्द पहिल्याच रात्री वस्तीच्या तोंडी बसतात, हे त्या शाहिरांना पक्कं ठाऊक होतं, त्यात कमीपणा कसला?

राहता राहिला तुमचा "मी नेमकी कोण?" हा प्रश्न. त्याचं उत्तर प्रबंधाकडून मागू नका, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. प्रबंधाला उत्तर येईल ते पणजीबद्दल येईल: या बाईला अमुक राग येत होते, अमुक उस्तादांची तालीम असावी, अमुक सालापर्यंत ती गात होती. तुम्ही कोण, हे त्यातून आपोआप निघेल असं नाही. तुम्हाला तिच्या वहीतली एखादी बंदिश शिकता येईल. तुमच्या गुरूंना ती पानं दाखवा, त्यांना ती बंदिश वेगळ्या पाठाने येत असेल तर मजाच आहे.

प्रबंध जमा करण्याआधी, आईबद्दल आणि आजीबद्दल जेवढं लिहिलं असेल तेवढं आईला वाचून दाखवा. सगळा प्रबंध नको, तेवढाच भाग. ती नको म्हणाली ते वाक्य काढा, वाद न घालता. तबकडीचा आणि वहीचा भाग राहू द्या. त्यावर ती हरकत घेईल असं मला वाटत नाही. फार तर एखाद्या बंदिशीचा शब्द तुम्ही चुकीचा वाचलाय, एवढं सांगेल.